टाकीत अमोनिया वाढला तर काय करावं?

मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले की हात आधी एअर पंपाकडे जातो. पंप लावाच, पण कल्ले लालभडक दिसत असतील, मासा खाणं टाकून तळाशी पडून असेल, तर लगेच अमोनिया तपासा. मासा अंगातला अमोनिया कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. पाण्यातच तो साचला की रक्तात चढत जातो आणि कल्ले सुजतात. मग पाण्यात भरपूर ऑक्सिजन असला तरी मासा धापा टाकतो.

तपासताना पीएचही, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे तो आकडा, मोजा. नेमकं हेच बरेच जण टाळतात. तपासणीचं किट सहसा एकूण अमोनिया दाखवतं, त्यातला विषारी वाटा किती हे मुख्यतः पीएचवर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर हा वाटा जेमतेम अर्धा टक्का, ८ ला साधारण ५ टक्के आणि ९ ला ३५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून किटवरचा तोच आकडा एका टाकीत खपून जातो आणि दुसरीत मासे मारतो. हिरव्या पाण्याच्या तळ्यात पीएच दुपारनंतर चढतो. तिथे फक्त सकाळी तपासून भागत नाही.

आता उपाय. एक-दोन दिवस खाद्य बंद. मेलेला मासा, कुजलेलं खाद्य, सडकी पानं काढून टाका. मग पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं हवं. मात्र टाकी जुनी असेल, तिचा पीएच ६ च्या आसपास उतरला असेल आणि नळाचं पाणी ८ चं असेल, तर एकदम अर्धी टाकी बदलू नका. पीएच झटकन चढतो आणि तोवर निरुपद्रवी असलेला अमोनिया विषारी होतो. तिथे थोडं थोडं पाणी, दिवसभरात विभागून बदला. पीएच वाढवायला चुना किंवा सोडा तर मुळीच टाकू नका.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने त्यातले अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू मरतात. टाकीतलंच पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज दोन-तीनदा पिळा, बस. थोडा मळकट राहिला तरी चालेल. फिल्टर नवा असेल तर जिवाणू जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासे मोजकेच ठेवा आणि अमोनिया रोज तपासा.