शिबोरीचे वस्त्र: आधी कच्ची शिवण, मग गाठ

शिबोरीत, म्हणजे कापड बांधून रंगवण्याच्या जपानी कलेत, गाठ बांधणे, घडी घालणे आणि नीळ चढवणे नवोदितांना बहुधा ठाऊक असते, त्यामुळे त्याविषयी मी लिहीत नाही. खरी अडचण पुढची आहे: सुरेख रंगवलेले कापड हाती येते, पण त्याचे वस्त्र होत नाही. याच जागी मी दीर्घकाळ अडकले होते, म्हणून स्पष्ट सांगते, की आधी कापड रंगवायचे आणि नंतर त्यावर कात्री चालवायची ही सवय सोडावीच लागेल.

किमोनोचे कापड साधारण 36 ते 38 सेंटीमीटर पन्ह्याचे असते आणि त्याचे सरळ पट्टे जोडून वस्त्र तयार होते. खांद्यापासून घेरापर्यंत अखंड चित्र हवे असल्यास जपानी कारागीर पांढरे रेशीम आधी कच्च्या टाक्यांनी जोडतात, शिवणींवरून सलग रेखाटन करतात, मग टाके उसवून पट्टे रंगवतात आणि शेवटी पुन्हा शिवतात. रेखाटनासाठी आओबाना फुलाचा निळा रस वापरतात, कारण तो पाण्याने निघून जातो. ही कच्ची जोडणी टाळली, तर पाठीवरची फांदी बाहीवर भलत्याच उंचीला उगवते. शिवाय बांधलेले कापड आक्रसते, आणि गाठी सोडल्यावर वाफेखाली ते किती ताणले जाईल यावर माप ठरते. म्हणून त्याच कापडाचा तुकडा त्याच दोऱ्याने बांधावा, रंगवावा, ताणावा आणि बांधण्यापूर्वीच्या मापाशी ताडून पाहावा. कोपर आणि बैठकीच्या जागी गाठींनी आलेला उठाव लवकर दबतो, तेव्हा बारीक कानोकोचे (ठिपक्याठिपक्यांनी बांधण्याचे) कष्ट तिथे खर्च करू नयेत.

पॉलिएस्टरवर उष्णतेने उठाव कायम करणे म्हणजे पळवाट, असे मी मानत नाही. जपानी फॅशन डिझायनर इस्से मियाके यांच्या 1993 मध्ये आलेल्या प्लीट्स प्लीज या मालिकेत कपडा कित्येक पट मोठा बेतून आधी शिवतात आणि चुण्या नंतर घालतात, म्हणजे तिथेही विचार शरीरापासूनच सुरू होतो. शिबोरीची नक्षी छापलेले कापड मात्र शिकणाऱ्याने वापरू नये; त्यातून हाताला काहीच कळत नाही.

जपानमधील नागोया शहरातल्या, शिबोरीसाठी प्रसिद्ध आरिमात्सुत 1608 पासून वस्ती आहे, आणि तिथे बांधणाऱ्या स्त्रिया बहुधा आयुष्यभर एकाच प्रकारात पारंगत होत असत. त्यामुळे दोन दिवसांत दहा प्रकार शिकवणाऱ्या गुरूपेक्षा तुमच्यासमोर एकच गाठ पुन्हापुन्हा सोडून दाखवणारा गुरू मला मोलाचा वाटतो. वेळ लागतो म्हणून खचू नका. जपानी वस्त्रकलाकार इत्चिकू कुबोता यांनी त्सुजिगाहाना या लुप्त झालेल्या जुन्या शिबोरी-शैलीच्या कापडाचा तुकडा विसाव्या वर्षी संग्रहालयात पाहिला, मध्ये युद्ध आणि सायबेरियातील कैद आली, आणि त्यांचे पहिले प्रदर्शन 1977 मध्ये, साठीला पोहोचल्यावर भरले; तेही जुन्या तंत्राची नक्कल न करता आधुनिक रंग स्वीकारून. बांधणीचे काम जवळून पाहिलेल्यांना दोऱ्याचा ताण तर लवकर उमगेल.

पहिले वस्त्र म्हणून सरळ पट्ट्यांचा, अस्तर नसलेला हाओरी (किमोनोवर घालायचा जपानी अंगरखा) निवडा आणि चित्र पाठीच्या मधल्या शिवणीवरून न्या. ती शिवण जुळली, की बाह्यांकडे वळा.