कॅलिफोर्नियाचा एसडीआय की फेडरल एसएसडीआय: अर्ज कुठे, लॉगिन कुठलं?

आजारपणामुळे किंवा अपघातामुळे काम थांबलं की आधी पे-स्टब काढा. ‘सीए एसडीआय’ ही कॅलिफोर्निया राज्याच्या अल्पकालीन अपंगत्व विम्याची (एसडीआय) कपात. २०२५ मध्ये ती पगाराच्या १.२ टक्के होती. ‘ओएएसडीआय’ ही ६.२ टक्क्यांची कपात फेडरल सरकारची, म्हणजे सोशल सिक्युरिटीची. पहिल्या कपातीतून येणारे पैसे ईडीडी (राज्याचा रोजगार विभाग) देते, दुसरीतून येणारा एसएसडीआय (दीर्घकालीन अपंगत्वाचा फेडरल विमा) एसएसए (सोशल सिक्युरिटीची फेडरल कचेरी) देते. या कचेऱ्या वेगळ्या, अर्ज वेगळे, आणि एकीकडे केलेला अर्ज दुसरीकडे आपोआप पोचत नाही. ‘सीए एसडीआय’ऐवजी ‘व्हीपीडीआय’ लिहिलेलं असेल तर तुमच्या कंपनीची स्वतःची योजना आहे. मग ईडीडीकडे न जाता एचआरला विचारा. कामावरच दुखापत झाली असेल तर आधी वर्कर्स कॉम्प, म्हणजे अशा दुखापतीसाठीचा कंपनीचा विमा.

एसडीआय थोड्या काळासाठी आहे: जास्तीत जास्त ५२ आठवडे, पगाराच्या ७० ते ९० टक्के. बाळंतपणही यातच येतं. साधारणपणे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी ४ आठवडे, नंतर ६, सिझेरियन असेल तर ८. पहिल्या ७ दिवसांचे पैसे मिळत नाहीत. अर्ज काम थांबल्यावर ९ दिवसांनी करता येतो आणि ४९ दिवसांच्या आत करायचा असतो. त्यासाठी मायईडीडीवर ईमेल आणि पासवर्डने खातं उघडा आणि आत ‘एसडीआय ऑनलाइन’ निवडा. अर्ज पाठवल्यावर ‘आर’ने सुरू होणारा पावती क्रमांक मिळतो. तो डॉक्टरांच्या ऑफिसला द्या, कारण वैद्यकीय प्रमाणपत्र त्यांनी भरायचं असतं आणि त्यालाही तीच ४९ दिवसांची मुदत आहे. अर्ज अडकतो तो बहुधा इथेच: रुग्णाने आपला भाग भरलेला असतो, क्लिनिकला मात्र पत्ताच नसतो. आठवडाभरात फोन करून विचारा.

एसएसडीआयचा हिशेब वेगळा. आजार किमान १२ महिने चालणारा किंवा जिवावर बेतणारा हवा, आणि महिन्याची कमाई ठरावीक मर्यादेच्या वर नको. २०२५ मध्ये ती १,६२० डॉलर होती (अंधांसाठी मर्यादा जास्त असते). कामाचे क्रेडिट (सोशल सिक्युरिटी भरलेल्या कमाईवर मिळणारे गुण) लागतात. वयाच्या तिशीनंतर साधारणपणे गेल्या दहा वर्षांतले किमान २०, वर्षाला जास्तीत जास्त ४. भारतातली नोकरी यात धरली जात नाही, कारण अमेरिकेचा भारताशी सोशल सिक्युरिटीचा करार नाही. त्यामुळे चाळिशीत अमेरिकेत आलेल्याला तीन वर्षांनी गंभीर आजार झाला, तर एसडीआय मिळू शकतो, एसएसडीआय बहुतेक नाही.

मंजुरी मिळाली तरी पहिले पूर्ण पाच महिने कोरडे जातात आणि निकालालाच कित्येक महिने लागतात. म्हणून आजार वर्षभर चालेल असं डॉक्टर म्हणाले, तर एसडीआय संपायची वाट न पाहता लगेच एसएसएकडे अर्ज करा. त्यात एसडीआय मिळत असल्याचं लिहा. दोन्हींची बेरीज आजाराआधीच्या सरासरी कमाईच्या ८० टक्क्यांवर गेली तर एसएसडीआय कापला जातो. लपवलेलं पुढे वसुलीला येतं.

सर्वात जास्त घोटाळा होतो तो लॉगिनमध्ये. एसएसएच्या ‘माय सोशल सिक्युरिटी’ खात्यात आता लॉगिन डॉट गव्ह किंवा आयडी डॉट मी यांपैकी एकाने जावं लागतं. जुनं युजरनेम २०२५ च्या जूनपासून चालत नाही. ईडीडीही ओळख पडताळायला आयडी डॉट मी वापरते. म्हणून लोकांना वाटतं, आयडी डॉट मी म्हणजेच आपलं बेनिफिट खातं. तसं नाही. ते फक्त ओळखपत्र दाखवायचं दार आहे. पैसे, पत्रं, अर्जाची स्थिती ज्याच्या त्याच्या खात्यातच दिसते. पडताळणीत मराठी नावं हमखास अडतात: लायसन्सवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, सोशल सिक्युरिटी कार्डावर नसतं, पेरोलमध्ये तिसरंच. अर्जात सोशल सिक्युरिटी कार्डावरचंच नाव लिहा.

घरी आलेलं पत्रही फसवतं. एसएसडीआयच्या अर्जाची वैद्यकीय छाननी राज्याचाच एक विभाग करतो, त्यामुळे तपासणीला बोलावणाऱ्या पत्रावर कॅलिफोर्नियाचं नाव असतं. ते ईडीडीचं समजून बाजूला टाकू नका. तपासणी चुकली तर फेडरल अर्ज नामंजूर होऊ शकतो. नकाराच्या पत्रावरही कोणाचं नाव आहे ते पाहा: ईडीडीच्या निर्णयावर अपिलाला ३० दिवस, एसएसएच्या निर्णयावर ६०.

एसएसआय, म्हणजे कमी उत्पन्नाच्या अपंग किंवा वृद्धांना एसएसए देते ती मदत, हे तिसरं प्रकरण. त्याला क्रेडिट लागत नाहीत, पण गरज सिद्ध करावी लागते: एकट्या व्यक्तीची मोजण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरपर्यंत, जोडप्याची ३,०००. कॅलिफोर्निया त्यात आपली भर घालते आणि तीही एसएसएमार्फतच येते. राज्याकडे वेगळा अर्ज नको. एच-वन-बीवर असलेल्यांना एसएसआय मिळत नाही, ग्रीन कार्डवाल्यांनाही कडक अटी आहेत. आणि सलग ३० दिवस देशाबाहेर राहिलात तर तो थांबतो, तेव्हा भारताची तिकिटं त्या बेताने काढा.

न्यू जर्सीत राज्याची अशीच योजना आहे, पण मुदत २६ आठवड्यांची. टेक्सासमध्ये ती नाहीच. तिथे कंपनीचा शॉर्ट टर्म डिसॅबिलिटी विमा आहे का, ते एचआरला विचारा.