'ड्रायव्हर गेलाय' म्हणण्याआधी: लिनक्समध्ये डिस्क अडखळली तर या चुका टाळा

लिनक्सचं मशीन गोठलं, फाइल सेव्ह होईना आणि 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' असा संदेश आला की पहिला सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारा. जरा जाणकार मंडळी म्हणतात, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदला, ड्रायव्हर (कर्नलमधला हार्डवेअर चालवणारा भाग) बिघडला असेल. दोन्हींत घाई आहे. साटा (सहसा केबलने जोडलेली) डिस्क सांभाळणारा लिबएटीए किंवा एनव्हीएमई (सहसा थेट मदरबोर्डवर बसणारी एसएसडी) सांभाळणारा ड्रायव्हर असंख्य सर्व्हरवर दिवसरात्र राबतो. तो फक्त आपल्याच मशीनवर एकाएकी बिघडण्यापेक्षा केबल सैल असण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणून आधी बिघाड कोणत्या थरात आहे ते ठरवा: डिस्क, केबल, कंट्रोलर, ड्रायव्हर, ब्लॉक लेयर (ड्रायव्हर आणि फाइल सिस्टीम यांच्यामधला कर्नलचा थर) की फाइल सिस्टीम. तोवर कशालाही हात लावू नका.

लॉगची शेवटची ओळ वाचून निकाल देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डीमेसेज (कर्नलच्या संदेशांचा लॉग) उघडलं की तळाशी ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमची तक्रार दिसते आणि लोक एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टीम दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, चालवायला धावतात. वर सरकत गेलात तर वेगळाच क्रम दिसेल. आधी 'एक्सेप्शन' आणि 'फ्रोझन', मग 'हार्ड रीसेटिंग लिंक', मग सेक्टरच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याच्या) आकड्यासह 'आय/ओ एरर', आणि अगदी शेवटी फाइल सिस्टीम स्वतःला रीड-ओन्ली करून घेते. इथे फाइल सिस्टीम फिर्यादी आहे, आरोपी नाही.

खरा माग पहिल्या ओळींच्या आसपास, महिरपी कंसात असतो. तिथे 'यूएनसी' असेल तर डिस्कला आपलाच सेक्टर वाचता आलेला नाही. 'आयसीआरसी' असेल तर डेटा वाटेत बिघडला, म्हणजे केबल, कनेक्टर किंवा कधी वीजपुरवठा. डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, म्हणजे स्मार्ट, दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलने याची खातरजमा होते. त्यातले खराब सेक्टर मोजणारे गुणधर्म क्रमांक ५, १९७ आणि १९८ वाढत असतील तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. वाटेत बिघडलेला डेटा मोजणारा नुसता १९९ वाढत असेल तर केबल बदला. केबल बदलल्यावरही १९९चा आकडा खाली येत नाही, त्यामुळे 'अजून एरर आहेच' म्हणून चांगली डिस्क फेकून देऊ नका. आकडा तिथेच थांबला की नाही, एवढंच बघायचं.

आणि केबल बदलायची ती नेमकी कुठली? लॉगमधला 'एटीए३' म्हणजे मदरबोर्डवर छापलेलं तिसरं पोर्ट असेलच असं नाही. सिस-ब्लॉक (/sys/block) फोल्डरची सविस्तर यादी काढा. त्या मार्गात कोणता एटीए कोणत्या डिस्कचा ते दिसतं. मग सीरियल नंबर डिस्कच्या लेबलशी ताडून बघा. एसडीए, एसडीबी या कर्नलने डिस्कना दिलेल्या नावांवर तर विसंबूच नका, रीबूटनंतर ती अदलाबदल होऊ शकतात. एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्याच्या यादीत) यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टीमचा न बदलणारा ओळखक्रमांक, लिहायचा तो याचसाठी.

मरत्या डिस्कवर दुरुस्ती

यूएनसी दिसत असताना एफएससीके नको. जो भाग वाचता येत नाही तो मोडका धरून एफएससीके दुरुस्तीच्या नावाखाली उरलेल्या नोंदीही तोडू शकतो. आधी डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा, मॅपफाइल (कुठवर वाचलं त्याची नोंद) ठेवून, म्हणजे मध्येच थांबलं तरी पुढे सुरू करता येतं. दुरुस्ती करायची ती प्रतीवर. माउंट केलेल्या फाइल सिस्टीमवर तर कधीच नाही.

कर्नलची चूक आहे हे न तपासता ठरवणं

कर्नल चुकतच नाही असं मात्र नाही. २०१८च्या अखेरीस कर्नल ४.१९ आल्यावर काही जणांचा ईएक्सटी४वरचा डेटा बिघडू लागला. सुरुवातीला संशय ईएक्सटी४वरच गेला. शेवटी दोष सापडला तो ब्लॉक लेयरच्या मल्टिक्यू (अनेक रांगांतून डिस्कला कामं देणाऱ्या) भागात, आणि डिसेंबरमध्ये ४.१९.८ मध्ये दुरुस्ती आली. आपल्या बाबतीत कर्नलवर संशय घ्यायचा तर तीन गोष्टी जुळायला हव्यात: स्मार्टचे आकडे स्वच्छ, लॉगमध्ये डिस्कची तक्रार नाही, आणि ग्रबमधून (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या बूट मेनूतून) जुना कर्नल निवडला की त्रास बंद. तिसरी चाचणी करायची तर जुना कर्नल जागेवर हवा. जागा वाचवायला तो काढून टाकणाऱ्यांना हे ऐन वेळी कळतं.

जुना कर्नल आणखी एका प्रसंगी वाचवतो. अपडेटनंतर बूट होताना 'अननोन-ब्लॉक' आणि पुढे ०,० आलं, तर कर्नलला रूटची, म्हणजे मुख्य सिस्टीमची, डिस्क सापडलेली नाही. बऱ्याचदा बूट पार्टिशन भरल्यामुळे इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं गाठोडं) अर्धवट तयार झालेलं असतं. जुन्या कर्नलने आत शिरा, जागा मोकळी करा, उबुंटू-डेबियनवर अपडेट-इनिटरॅमएफएस आणि फेडोरावर ड्रॅकट पुन्हा चालवा. डिस्क उचलून दुसऱ्या मशीनला किंवा केव्हीएमच्या आभासी मशीनमध्ये लावली असेल तर गरजेचा ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये नसणंही शक्य आहे, कारण ड्रॅकट बरेचदा फक्त त्याच मशीनला लागणारे ड्रायव्हर भरतं.

बायोसमध्ये घाईने बदल

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, हे इंटेलच्या लॅपटॉपवर हमखास घडतं. बायोसमध्ये आरएसटी किंवा रेड मोड (डिस्क हाताळायची इंटेलची खास पद्धत) चालू असतो. तो एएचसीआय, म्हणजे साधा प्रमाण मोड, केला की लिनक्सला डिस्क दिसते, पण आधीचं विंडोज 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळं पडतं. विंडोज ठेवायचं असेल तर आधी ते सेफ मोडमध्ये उघडायची सोय करा, मगच मोड बदला. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी हवी.

इंटरनेटवरून उचललेले पॅरामीटर

एनव्हीएमई 'कंट्रोलर इज डाउन' म्हणाला की लोक चार-पाच कर्नल पॅरामीटर एकदम चिकटवतात. त्यातला एपीएसटी, म्हणजे वीजबचतीची यंत्रणा, बंद करणारा पॅरामीटर काही डिस्कवर खरंच उपयोगी पडतो. पण लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते. एका वेळी एकच पॅरामीटर, तोही ग्रबमध्ये 'ई' दाबून एका बूटपुरता. फरक पडला तरच कायमचा करा.

सॉफ्टवेअर रेडवाल्यांसाठी, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच ॲरे करणाऱ्यांसाठी, वेगळी गोम. कर्नल साटा डिस्कच्या उत्तरासाठी ३० सेकंद थांबतो. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायच्या प्रयत्नात त्याहून जास्त वेळ घेऊ शकते. मग कर्नल लिंक रीसेट करतो आणि एका सेक्टरपायी अख्खी डिस्क ॲरेबाहेर जाते. डिस्कला एससीटी ईआरसी (खराब सेक्टरवर किती वेळ झगडायचं त्याची मर्यादा) येत असेल तर स्मार्टसीटीएलने मर्यादा ७ सेकंद करा, नसेल तर सिसएफएसमधला (/sys फोल्डरमधला) कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद करा. टाइमआउट रीबूटनंतर टिकत नाही, आणि ईआरसीची मर्यादाही बऱ्याच डिस्क वीज गेली की विसरतात, तेव्हा दोन्हींसाठी यूडेव्हचा (डिस्क जोडली गेली की आपोआप चालणारा) नियम लिहून ठेवा.