जुलाब, साबुदाण्याच्या गोळ्या आणि ओआरएस

पावसाळ्यात धाकटीला जुलाब लागले की सासूबाई होमिओपॅथीची पेटी काढतात. आर्सेनिक अल्बम ३०, चार गोळ्या जिभेखाली. त्यांचा त्यावर फार जीव. पण ३० पोटन्सी म्हणजे मूळ औषध शंभरपट पातळ करायचं, तेही तीसदा. उरते ती साखरेची गोळी. जुलाबात अंगातलं पाणी आणि मीठ जातं, ते गोळीने भरून येत नाही.

मी म्हटलं, "आई, गोळ्या द्या हवं तर, पण आधी हे पाणी." ओआरएसचं, म्हणजे मीठ-साखरेच्या तयार पावडरीचं, मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवलं. पाणी मापूनच घ्यावं, अंदाजे नको. वाटी-चमच्याने घोट घोट पाजत राहिले. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. असंच पाणी १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत वापरून असंख्य जीव वाचवले. सोबत मऊ भात-ताक, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं झिंक; ते जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचं.

संध्याकाळी तिला भरपूर लघवी झाली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. डोळे खोल जाणं, शौचात रक्त, लघवी बंद, पाणीही न पिणं, यातलं काहीही दिसलं तर पेटी बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.