फोनवर विचारायचं की घरी जाऊन? मानसिक आरोग्याचा सर्व्हे करणाऱ्यांसाठी

पीएचक्यू-9 म्हणजे नैराश्य तपासायची प्रश्नावली, त्यात 9 प्रश्न, मागच्या 2 आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला 0 ते 3 मार्क, एकूण 27, आणि हे फोनवरही नीट विचारता येतं. पण फोन लावला की आधी हे विचारा, "आत्ता मोकळेपणाने बोलता येईल ना?" कळव्याच्या एक ताई सगळ्याला नाही नाही म्हणत होत्या, मागे कुकरची शिट्टी आणि सासूबाईंचा आवाज, मग मी म्हटलं दुपारी करू का, तर 3 वाजता गच्चीवरून त्यांनीच मिस्ड कॉल दिला आणि झोप लागत नाही इथपासून सगळं सांगितलं. तेव्हापासून मी उत्तर नुसत्या आकड्यात मागते, बाजूला कोणी असलं तरी त्याला काही कळत नाही.

घरी गेलं की चेहरा दिसतो, भरून आलेले डोळे दिसतात, फोन नसलेले आजी-आजोबाही सुटत नाहीत. पण चाळीत दार उघडंच, शेजारीण येऊन बसते. अशा वेळी प्रश्नांचा कागद उत्तर देणाऱ्याच्याच हातात द्या.

मुलाखत फोनवर झाली की घरी जाऊन, ते फॉर्मवर लिहाच, नाहीतर नंतर आकड्यांतला फरक माणसांचा की पद्धतीचा ते कळणार नाही. प्रश्नांचे शब्द दोन्हीकडे तेच ठेवा.

9वा प्रश्न जीव द्यायच्या विचारांचा, तो कृपा करून घाईत उरकू नका. फोनवर असाल तर पत्ता आणि घरच्या कोणाचा तरी नंबर सुरुवातीलाच घ्या. "हो" आलं तर फोन ठेवायचा नाही, सुपरवायझरला लगेच कळवायचं, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 द्यायचा, तो 24 तास चालू असतो.