नागपुरात राहून कयाकर व्हायचं असेल तर

"दादा, कयाकिंगमध्ये करिअर करायचंय, कोणती बोट घेऊ?" असं विचारणारे पोट्टे मला नेहमी भेटतात. कयाक म्हणजे दोन पात्यांच्या पॅडलने वल्हवायची अरुंद बोट. बोट राहू दे बाप्पा, आधी स्विमिंग टँकवर जा. नागपुरात खळाळतं पाणी नाही म्हणून रडत बसू नका. या धंद्यातली पहिली गोष्ट साचलेल्या पाण्यातच शिकतात.

ती म्हणजे रोल, उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं, पण त्याच्याही आधी उलट्या बोटीतून बाहेर पडणं. स्कर्टची, म्हणजे कमरेभोवतीच्या पाणी अडवणाऱ्या झाकणाची, पुढची पट्टी चाचपायची, ओढायची, पाय सोडवायचे. शिकवणारा बाजूला उभा हवाच. हे अंगवळणी पडलं की रोल. उलटलात की पुढे वाकून छाती डेकला, म्हणजे बोटीच्या वरच्या भागाला, टेकवा, पॅडल बोटीला समांतर धरून हात पाण्याबाहेर काढा. मग पातं पृष्ठभागावरून बाहेर फिरवत कमरेचा झटका द्या. जीव गुदमरतो म्हणून नवखा आधी डोकं वर काढतो आणि तिथंच फसतो. डोकं उचललं की कंबर उलट बाजूला ओढली जाते आणि बोट परत पालथी. डोकं सगळ्यात शेवटी. आणि रोल दोन्ही बाजूंनी यायला हवा, झोपेतून उठवलं तरी जमेल इतका.

दुसरं शिक्षण काठावरून, फुकट. पावसाळ्यात कन्हानच्या पुलावर उभं राहून पाणी बघा. पाण्यावर इंग्रजी व्ही दिसेल. टोक खालच्या अंगाला असेल तर वाट मोकळी, वरच्या अंगाला असेल तर तिथं खडक. खडकामागे पाणी उलटं वर चढतं ती एडी, म्हणजे तुमचा थांबा. पुरात झुडपं अडकलेली जागा दिसली की लांब राहा. चाळणीतून पाणी जातं, माणूस अडकतो. बंधाऱ्याखालचं पाणी तर भल्याभल्यांना फसवतं. वरून गुळगुळीत दिसतं, खाली मात्र जागच्या जागी गोल फिरत राहतं आणि पडलेल्याला सोडत नाही. तिथं बोट घालायचीच नाही.

मग ऋषिकेश. पावसाळा सोडला तर शिवपुरीच्या पट्ट्यात गंगेवर शिकता येतं. जवळ हवं तर कोलाडची कुंडलिका आहे. तिथं धरणातून पाणी सोडतात, त्यामुळे पावसाळा नसतानाही बोट चालते. स्लॅलमची, म्हणजे फाटकांमधून घड्याळाविरुद्धच्या शर्यतीची, आवड असेल तर महेश्वरची सहस्रधारा बघा. प्रवाहांना १ ते ६ ग्रेड असतात. ३ वर निवांत वाटेपर्यंत ४ चं नाव काढू नका.

आता पैशाचं. व्हिडिओत धबधब्यावरून उडी मारणाऱ्याला पगार कोण देतं? बहुतेकदा कोणीच नाही. स्पॉन्सर मिळाला तरी आधी बोट नि पॅडल मिळतं, घरभाडं नाही. पहिली कमाई सेफ्टी कयाकर म्हणून होते: राफ्टच्या पुढे जायचं आणि पडलेल्या पर्यटकांना गोळा करायचं. त्यासाठी नदी-बचाव आणि प्रथमोपचाराचे कोर्स करा. मालक रोलइतकंच तेही विचारतो. पुढे गाइड, प्रशिक्षक. पावसाळ्यात गंगा बंद झाली की केरळात कोळिकोडच्या चालिप्पुळा नदीवर गर्दी जमते, ऑगस्ट-सप्टेंबरात लडाखची झंस्कार, हिवाळ्यात अरुणाचलची सियांग. घरी आईला हे वेळापत्रक आधीच सांगून ठेवा, नाहीतर दर दिवाळीला तोच वाद.

नदीशोधक व्हायचं तर निम्मं काम टेबलावर. उपग्रह चित्रांवर उतार मोजायचा, बोट खांद्यावर घेऊन चालायच्या जागा नि बाहेर पडायच्या वाटा शोधायच्या, अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट काढायचं. माइक जोन्स या ब्रिटिश कयाकरने १९७६ साली एव्हरेस्टखालची दूधकोसी नदी उतरली आणि १९७८ मध्ये काराकोरमच्या ब्राल्दू नदीवर साथीदाराला वाचवताना तो गेला. एवढ्या तयारीचा माणूस. म्हणून टीम निवडताना कोण किती मोठं पाणी उतरतो ते मी बघत नाही. थ्रो-बॅग, म्हणजे बुडणाऱ्याकडे फेकायची दोरीची पिशवी, कोण नेमकी फेकतो ते बघतो.

राहिली खरेदी. बोट भाड्याने मिळते, ट्रेनमध्ये चढवताना डोकं उठतं. हेल्मेट मात्र स्वतःच्या मापाचं घ्या. आणि टँकवर जायच्या आधी नाकाची क्लिप, नाहीतर रोल येईपर्यंत नाकात पाणी जाऊन जाऊन सर्दीच सुटणार नाही.