नवी पिसं येताना पोपटाला होणारा त्रास कसा कमी करावा

एरवी मान खाली घालून खाजवून घेणारा कॉकटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पाळीव पोपट) पिसं झडायच्या दिवसांत अचानक हात लावू देत नाही, फिसकारतो, चोच मारतो. त्याचा स्वभाव बिघडलेला नसतो, त्याला खरंच टोचत असतं. नवं पीस केराटिनच्या (आपली नखं ज्याची असतात त्या पदार्थाच्या) घट्ट वेष्टनात बंद असतं आणि कातडीतून कोंबासारखं वर येतं. पक्षी पाळणारे त्याला पिन फेदर म्हणतात. वाढ चालू असेपर्यंत या कोंबात रक्त खेळत असतं आणि मुळाशी जरा दाब पडला तरी दुखतं. वाढ झाली की रक्त मागे हटतं, वेष्टन वाळून पांढरं पडतं आणि कोंड्यासारखं गळतं. हाताने मदत करायची ती या शेवटच्या टप्प्यात. त्याआधीचं काम आंघोळ, आहार आणि झोपेचं.

इथली मापं ८०–१०० ग्रॅम वजनाच्या कॉकटीलसाठी आहेत. बजी (बजरीगर, ज्याला लव्हबर्ड समजून विकतात तो छोटा पोपट) त्याहून बराच लहान, त्याला निम्म्याहून कमी द्या. (आपला देशी पोपट घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.)

आधी खात्री करा

नेहमीच्या पीसगळीत दोन्ही पंखांची पिसं साधारण जोडीने पडतात आणि अंगावर उघडी कातडी दिसत नाही. छातीवर टक्कल आहे पण डोकं भरलेलं आहे, असं दिसलं तर पक्षी स्वतःच पिसं उपटतोय असं समजा, कारण डोक्यापर्यंत त्याची चोच पोहोचत नाही. वेडीवाकडी, मध्येच आवळलेली पिसं आजाराचं लक्षण असू शकतात. अशा वेळी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. पिवळ्या-पांढऱ्या लुटिनो कॉकटीलच्या तुऱ्यामागचं टक्कल मात्र जन्मजात असतं, त्याची काळजी नको.

आंघोळ

कोरडं वेष्टन कडक होतं आणि जास्त टोचतं. म्हणून आठवड्यातून तीन-चार वेळा, सकाळी, कोमट पाण्याचा बारीक फवारा द्या. बाटली थेट तोंडावर रोखू नका. वर धरून फवारा, म्हणजे पाऊस पडल्यासारखे थेंब अंगावर उतरतील. ज्याला फवाऱ्याची भीती वाटते त्याच्यासाठी उथळ ताटलीत दीड-दोन सेंटिमीटर पाणी ठेवा किंवा ओली कोथिंबीर, पालकाची पानं पिंजऱ्यात टांगा. बजी त्यात अंग घासून घेतो. पंखा बंद ठेवा आणि अंधार पडायच्या आत पक्षी पूर्ण वाळू द्या. रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत किंवा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फवारा रोज दिला तरी चालतो.

पाण्यात साबण, ग्लिसरीन, खोबरेल तेल काहीही घालू नका. तेलाने पिसं एकमेकांना चिकटतात, मग पक्ष्याला अंगाची ऊब राखता येत नाही आणि चोचीने साफ करताना ते तेल पोटात जातं.

आहार

पीस बहुतेक प्रथिनांचंच असतं, त्यामुळे नुसत्या राळ्यावर आणि सूर्यफुलाच्या बियांवर राहणाऱ्या पक्ष्याला हे दिवस जड जातात. नेहमीच्या पेलेट (पक्ष्यांचं तयार गोळीखाद्य) किंवा दाण्यांसोबत उकडलेलं अंडं पाव चमचा, आठवड्यातून दोन-तीनदा. एक दिवसाआड मोड आलेले मूग वाफवून एक चमचा, मीठ-फोडणीशिवाय. अ जीवनसत्त्वासाठी गाजर, लाल भोपळा किंवा शेवग्याचा पाला रोज थोडा. अंडं आणि मूग उन्हाळ्यात दोन तासांच्या आत उचला, ते लवकर आंबतात. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा कधीच नको. दुकानातले व्हिटॅमिनचे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात टाकू नका. पाण्याची चव बदलली की काही पक्षी पाणीच पीत नाहीत.

दर आठवड्याला सकाळी, खाण्याआधी, ग्रॅम दाखवणाऱ्या किचनच्या काट्यावर वजन करा. दहा टक्के घट झाली की दवाखान्यात न्या.

झोप

दहा ते बारा तास शांतता हवी. कॉकटील अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटतात आणि नेमके वाढते पंख मोडून घेतात, म्हणून एक मंद दिवा चालू ठेवा. या काळात पंख कापून घेऊ नका: शेजारच्या जुन्या पिसांचा आधार गेला की नवं पीस एकटं पडतं आणि सहज मोडतं.

डोक्यावरचे कोंब मोकळे करणं

जोडीदार असला तर हे काम तो करतो. एकट्या पक्ष्याला तुमची बोटं लागतात, तीही फक्त डोकं आणि मान यांपुरती. बाकीचं अंग तो स्वतः साफ करतो. शिवाय पाठ आणि पंखांखाली कुरवाळल्याने समागमाची इच्छा चाळवते.

आंघोळीनंतर अर्ध्या तासाने, वेष्टन अजून मऊ असताना बसा. हाताला क्रीम किंवा सॅनिटायझर नको. हळूच फुंकर मारा आणि कोंबाचं मूळ पाहा. निळसर-काळपट किंवा लालसर असेल तर त्याला हात लावू नका. पांढरा, कोरडा आणि टोकाला पिसाचा झुपका फुटलेला कोंब तयार असतो. त्याचं टोक अंगठा आणि तर्जनीच्या नखांमध्ये धरून हलकेच फिरवा. वेष्टनाची पूड होऊन पडते. टोकाकडून खाली येत अर्ध्यावर थांबा, मुळाजवळचं राहू द्या. डोळे मिटून मान खाली घातली तर ठीक चाललंय. किंचाळला किंवा झटकन मान वळवली तर तो कोंब सोडा. एका वेळी पाच मिनिटं पुरेत.

कोंब मोडून रक्त आलं तर

कॉकटीलच्या अंगात सगळं मिळून जेमतेम नऊ मिलिलिटर रक्त असतं, त्यामुळे थांबून पाहू नका. पक्षी टॉवेलमध्ये सैलसर धरा. छाती दाबली गेली तर त्याला श्वास घेता येत नाही. मोडलेल्या जागी कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापसाने दोन-तीन मिनिटं दाबून ठेवा. पीस स्वतः उपटू नका, मुळातून आणखी रक्त वाहू शकतं. दहा मिनिटांत रक्त थांबलं नाही, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. थांबलं तर त्या दिवशी उडू देऊ नका, वरच्या दांड्या काढून पिंजरा सखल ठेवा आणि आंघोळ दोन दिवस टाळा, नाहीतर धरलेली खपली भिजून सुटते.